जुने एसएमपीएस दुरुस्त करून मदरबोर्ड तपासायला वापरावेत का?

प्रश्न
पांढरं सोनं (घाटंजी तालुका, जि. यवतमाळ)

नमस्कार. बाजाराच्या ओळीत माझे संगणक आणि प्रिंटर दुरुस्तीचे लहानसे दुकान आहे. दोन शाळा, एक पतसंस्था, जिनिंगचे काटाघर आणि ऑनलाइन अर्ज भरून देणारी केंद्रे, एवढे माझे गिऱ्हाईक. गेल्या सहा-सात वर्षांत बदलून काढलेले अकरा जुने एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या आतल्या वीज देणाऱ्या पेट्या, माझ्याकडे एका पोत्यात पडून आहेत. भंगारवाल्याला द्यायला मन होत नाही, आणि दुकानात त्यांची गरजही आहे. वीज पडल्यानंतर किंवा डीपीवर (गावाच्या ट्रान्सफॉर्मरवर) बिघाड झाल्यानंतर येणारे मदरबोर्ड बहुधा कुठेतरी शॉर्ट असतात. अशा प्रत्येक बोर्डाला दुकानातला एकमेव चांगला एसएमपीएस लावून पाहणे मला जिवावर येते. म्हणून जुन्यांपैकी तीन-चार दुरुस्त करून ते फक्त तपासणीसाठी ठेवावेत, असा विचार केला.

मागच्या पंधरवड्यात त्यातला एक घेतला. तो सुरूच होत नव्हता, पण फ्यूज शाबूत होता. आतली धूळ ब्रशने काढली, बाहेर जाणाऱ्या तारांजवळचे फुगलेले दोन कपॅसिटर बदलले, आणि हिरवी व काळी तार टाचणीने जोडताच पंखा फिरला. मीटरवर पिवळ्या तारेवर १२.१, लालवर ५.१ आणि नारिंगीवर ३.३ व्होल्ट आले. समाधान वाटले, म्हणून एका गिऱ्हाइकाचा बोर्ड लावला. तो बोर्ड चांगला होता. फक्त घड्याळाचा सेल बदलायला आणि रॅमची जागा साफ करायला आला होता. मुख्य वीज दिली, मात्र पॉवरचा स्विच अजून दाबलाही नव्हता. एवढ्यात वास आला, म्हणून हात लावून पाहिला, तर साउथब्रिजवर (बोर्डावरच्या एका मोठ्या चिपवर) बोट टेकवत नव्हते. त्यानंतर तो बोर्ड कुठल्याही एसएमपीएसवर उठला नाही. गिऱ्हाइकाला मी पदरचा दुसरा बोर्ड बसवून दिला, आणि तेव्हापासून त्या पोत्याला हात लावलेला नाही.

माझे प्रश्न तीन आहेत. तिन्ही व्होल्टेज बरोबर असताना बोर्ड का गेला? दुरुस्त केलेला एसएमपीएस बोर्डाला लावण्याआधी नेमके काय काय तपासावे? आणि या अकरांपैकी कोणते दुरुस्तीच्या लायकीचे आहेत, हे वरवर पाहून ओळखता येते का? माझ्याकडे साधा डिजिटल मीटर, सोल्डरिंग गन, डिसोल्डर पंप आणि पोस्ट कार्ड (बोर्डात खोचले की सुरू होतानाचा दोष आकड्यात दाखवणारे कार्ड) आहे. ऑसिलोस्कोप नाही आणि जवळपास कोणाकडेही नाही.

उत्तर १
जुना टीव्ही मेकॅनिक (मूर्तिजापूर)

भाऊ, आपण तीन तारा मोजल्या आणि चौथी राहिली. जांभळी.

स्विच दाबण्याआधीच साउथब्रिज तापला, या एका वाक्यात आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आहे. मुख्य वीज दिली की पंखा फिरो वा न फिरो, जांभळ्या तारेवर ५ व्होल्ट सदैव उभे असतात. त्याला स्टँडबाय म्हणतात. स्विच दाबला गेला हे ओळखणारा बोर्डावरचा भाग त्याच विजेवर जागा असतो, आणि त्या वेळी पिवळी, लाल, नारिंगी या तिन्ही तारा शून्यावर असतात. म्हणजे आपला बोर्ड मारणारी वीज जांभळीखेरीज दुसऱ्या कोणत्या तारेतून येऊच शकत नव्हती. ती तार मोजून पाहा. ६ व्होल्टच्या वर निघाली तर मला आश्चर्य वाटणार नाही.

आता असे का होते ते सांगतो, कारण हा रोग जुन्या एसएमपीएसमध्ये सर्रास आढळतो. पेटीत दोन स्वतंत्र सप्लाय असतात, एक मोठा आणि एक लहान. लहान सप्लाय त्या छोट्या ट्रान्सफॉर्मरवर चालतो, तोच स्टँडबाय. अनेक स्वस्त जुन्या रचनांमध्ये त्याच्यावर दोन ट्रान्झिस्टरांचे साधे सर्किट असते आणि बाहेर किती व्होल्ट गेले याचा अंदाज ते थेट बाहेरून घेत नाही. त्याच ट्रान्सफॉर्मरच्या एका सहायक गुंडाळीवर, म्हणजे गरम (मुख्य विजेच्या) बाजूलाच, एक लहान कंडेन्सर असतो, आपण कपॅसिटर म्हणता तोच. बहुधा १० किंवा २२ मायक्रोफॅराडचा, ५० व्होल्टचा. त्याच्यावरचे व्होल्टेज पाहून सर्किट स्वतःला आवरते. हा कंडेन्सर बहुतेक वेळा तापणाऱ्या रेझिस्टरच्या कुशीत बसवलेला असतो, त्यामुळे तो सर्वांत आधी वाळतो. वाळला की त्याच्यावरचे व्होल्टेज कमी दिसते, सर्किटला वाटते बाहेर कमी जात आहे, आणि ते जोर वाढवते. जांभळी तार ५ वरून ६, ७, कधी त्याहूनही वर जाते. मोठ्या सप्लायवर मात्र टीएल ४९४ किंवा केए ७५०० सारखी आयसी स्वतंत्र लक्ष ठेवून असते, म्हणून पिवळी आणि लाल तार अगदी सरळ दिसतात. आपण फसलात ते इथेच. वाईट हे की हा कंडेन्सर फुगत नाही. वरून नवा कोरा दिसतो.

ज्या रचनांमध्ये स्टँडबायलाही ८१७ नंबरचा ऑप्टोकपलर (प्रकाशाने इशारा पलीकडे पोचवणारा भाग) आणि ४३१ ही तीन पायांची आयसी आहे, तिथे व्होल्टेज बाहेरून मोजले जाते. तिथे हाच कंडेन्सर वाळला तर व्होल्टेज वाढण्याऐवजी सप्लाय उठतच नाही, किंवा थंडीत सकाळी चार वेळा प्लग काढ-घाल केल्यावर उठतो. म्हणून माझा नियम असा की कोणताही जुना एसएमपीएस उघडला की छोट्या ट्रान्सफॉर्मरजवळचे सगळे लहान कंडेन्सर न मोजता बदलायचे. १०५ अंश तापमान सोसणारे घ्यायचे. दोन चहांचा खर्च आहे.

उघडण्याआधी एक गोष्ट. २३० व्होल्टचे डीसी केल्यावर मोठ्या दोन कंडेन्सरांवर मिळून सव्वातीनशे व्होल्ट साठतात. प्लग काढला म्हणून ते लगेच उतरतात असे नाही. त्यांच्यावरचे रेझिस्टर उघडे पडले असतील तर तासाभरानेही झटका बसतो. पेचकस आडवा टाकून ठिणगी काढण्याची आपल्याकडे जी सवय आहे ती सोडा. होल्डरला दोन तारा लावलेला १०० वॅटचा साधा बल्ब दोन टोकांना टेकवा. तो क्षणभर उजळतो आणि विझतो. मग मीटरने खात्री करा. चालू पेटीत मीटर लावणार असाल, तर गरम बाजूचा ॲल्युमिनियमचा हीटसिंक जिवंत असू शकतो हेही ध्यानात असू द्या. मी आजही रबरी चप्पल घालून आणि डावा हात पाठीमागे धरूनच मोजतो.

पहिल्यांदा वीज द्यायची ती थेट द्यायची नाही. टीव्हीच्या काळापासून आम्ही सिरीज बोर्ड वापरतो: फेजच्या तारेत १०० वॅटचा पिवळा बल्ब आणि त्याच्यापुढे सॉकेट. एलईडी बल्ब इथे चालत नाही, तारेचाच हवा. एसएमपीएस ठीक असेल तर मोठे कंडेन्सर भरताना बल्ब एकदा चमकतो आणि विझतो. बल्ब लखलखीत पेटूनच राहिला तर आत शॉर्ट आहे. ब्रिज (एसीचे डीसी करणारा भाग), नाहीतर मोठे ट्रान्झिस्टर. अशा वेळी बल्ब पेटतो आणि आपले काही जळत नाही. एक मात्र आहे की लोड दिल्यावर हा बल्ब काढावा लागतो, कारण तो अर्धे व्होल्टेज स्वतःच खातो, सप्लाय टिक-टिक करू लागतो, आणि चांगला नगही खराब वाटतो.

फ्यूजकडे पाहायची सवय लावा. काचेच्या आत तार नुसती तुटलेली असेल तर फ्यूज म्हातारा होऊन गेला असेल. काच आतून काळी-चंदेरी झाली असेल तर मोठा शॉर्ट आहे, आणि नवा फ्यूज टाकून उपयोग नाही. फ्यूजच्या जागी तार बांधलेला नग पोत्यात निघाला तर तो वेगळा ठेवा. आधीच्या कारागिराने आत आणखी काय केले असेल याचा नेम नाही.

आपल्या भागातले दोन रोग पुस्तकात सापडत नाहीत, म्हणून लिहितो. पहिला कूलरचा. उन्हाळ्यात कूलरची ओली हवा थेट संगणकावर सोडतात, आणि जिनिंगजवळ असेल तर हवेत कापसाचा तूस असतोच. तो तूस ओला होऊन सर्किटच्या पट्टीवर नमद्यासारखा बसतो आणि पावसाळ्यात वीज वाहू लागतो. ब्रशने तो निघत नाही. थिनर किंवा आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) धुवून दोन दिवस उन्हात वाळवावा लागतो. दुसरा पिवळ्या गोंदाचा. कंडेन्सर हलू नये म्हणून कारखान्यात जो गोंद लावतात तो वर्षानुवर्षांच्या गर्मीने चॉकलेटी होतो, मग तो स्वतःच वीज वाहतो आणि खालच्या तारांचे पाय खातो. रंग बदललेला गोंद खरवडून काढल्याशिवाय पुढे जाऊ नका. पालीचे सांगत नाही. मोठ्या हीटसिंकमध्ये भाजलेली पाल प्रत्येकाने पाहिलेली असते.

उत्तर २
दर्यापूरकर

वरील उत्तराशी मी सहमत आहे, परंतु अकराच्या अकरा उघडण्याच्या भानगडीत पडू नये असे माझे मत आहे. मी स्वतः चार वर्षे हा उद्योग केला आणि शेवटी हिशेब मांडला, तेव्हा माझा वेळ मी फुकट धरला होता एवढेच सिद्ध झाले.

आधी पेटी हातात घेऊन तोला. ‘४५० वॅट’ असे ठळक छापलेली पेटी पाव किलोच्या पुड्यासारखी हलकी लागली, तर त्या छपाईला अर्थ नाही. नंतर झाकण काढून वीज येते त्या टोकाला पाहा. तिथे पट्टीवर दोन कॉइल आणि चौकोनी पिवळा कपॅसिटर यांच्या जागा छापलेल्या असतात. त्या जागी नुसत्या तारेचे तुकडे झाळलेले दिसले, तर निर्मात्याने पुढेही असाच हात राखला आहे असे समजावे. मोठा ट्रान्सफॉर्मर हाताच्या अंगठ्याएवढा असेल तर तो नग पंखे आणि तारांसाठी ठेवून द्यावा. ब्रँडेड संगणकांतून निघालेले जड एसएमपीएस मात्र दुरुस्त करावेत. दहा-पंधरा वर्षे चाललेले असूनही त्यांत बहुधा चार कपॅसिटरपलीकडे काही निघत नाही. नागपूरला सीताबर्डीवर जाणे झाले की मी असे नग वजन पाहूनच उचलतो.

ब्रँडेडबाबत एक सावधानता. काही जुन्या ब्रँडेड संगणकांत २० पिनांचा कनेक्टर दिसायला जसाच्या तसा असतो, पण तारांचा क्रम वेगळा असतो. रंगांवर विसंबू नये, पिन मोजून पाहावी. प्रमाण रचनेत जांभळी तार ९ क्रमांकावर आणि करडी ८ क्रमांकावर असते. हिरवी २० पिनांत १४ वर आणि २४ पिनांत १६ वर असते.

आणि मागचा लाल स्विच. ११५/२३० चा. तो ११५ वर असताना आपल्याकडची वीज दिली की आतला दाब दुप्पट होऊन साडेसहाशेच्या आसपास जातो आणि मोठे दोन कपॅसिटर तोफेसारखे उडतात. एका शाळेच्या प्रयोगशाळेत मुलांनी एका तासात तीन संगणक असे ‘वाजवले’ होते. दुरुस्तीला घेतलेल्या प्रत्येक पेटीतला हा स्विच मी तारा कापून कायमचा बाद करतो.

उत्तर ३
विद्युत निदेशक (वर्धा जिल्हा)

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत शिकवतो. आपल्या दुसऱ्या प्रश्नाचा, म्हणजे बोर्ड लावण्याआधीच्या तपासणीचा, पुरेसा विचार वर झालेला नाही, म्हणून लिहीत आहे.

हिरवी-काळी जोडून पंखा फिरवणे ही तपासणी नव्हे. त्यातून एवढेच कळते की सप्लाय सुरू होतो. पंखा जेमतेम दोन वॅट घेतो. प्रोसेसर आणि रॅमसह बोर्ड त्याच्या कित्येक पट घेतो. वाळलेला कपॅसिटर किंवा तडकलेली झाळ लोडशिवाय उघडी पडत नाही. लोडचे सामान आपल्या गावातच मिळेल. १२ व्होल्टसाठी मोटारसायकलचा ३५ वॅटचा हेडलाइट बल्ब घ्यावा. तो सुमारे ३ अँपिअर घेतो. थंड असताना त्याचा रोध गरम अवस्थेच्या दशांशाएवढाच असतो, त्यामुळे सुरुवातीलाच दोन-तीन बल्ब एकदम लावले तर चांगला सप्लायही संरक्षणात जाऊन बंद पडतो. आधी सप्लाय सुरू करावा, मग एकेक बल्ब जोडावा. ५ व्होल्टसाठी २.२ ओहम, २० वॅटचे सिमेंट रेझिस्टर चालतात. प्रत्येक जण सव्वादोन अँपिअर घेतो. ते न मिळाल्यास शेगडीची १००० वॅटची नवी कॉइल घ्यावी, तिचा दहावा भाग सुमारे ५ ओहमचा भरतो, म्हणजे ५ व्होल्टवर १ अँपिअर. तो तुकडा जांभळ्या तारेच्या तपासणीलाही उपयोगी पडतो.

दोन्ही तारांवर लोड एकाच वेळी द्यावा, हे मुद्दाम सांगतो. जुन्या एसएमपीएसमध्ये १२ आणि ५ व्होल्ट एकाच मोठ्या गोल कॉइलवरून आणि एकाच नियंत्रणाने निघतात. नुसत्या पिवळ्यावर लोड दिला की पिवळी उतरते आणि लाल चढते. नुसत्या लालवर दिला की उलट होते. हे पाहून विद्यार्थी चांगला सप्लाय बाद ठरवतात. याच कारणाने फार जुने, पांढऱ्या तारेचे सप्लाय आजच्या बोर्डांना मानवत नाहीत. ते ज्या काळचे आहेत तेव्हा प्रोसेसरचा भार ५ आणि ३.३ व्होल्टवर असे. २००० सालानंतर चार पिनांचा वेगळा १२ व्होल्टचा कनेक्टर आला आणि भार पिवळ्या तारेवर सरकला. ज्या पेटीला हा चार पिनांचा कनेक्टरच नाही ती आपल्या कामाची नाही.

लोडवर अर्धा तास ठेवून मोजावे. पिवळी ११.४ ते १२.६, लाल आणि जांभळी ४.७५ ते ५.२५, नारिंगी ३.१४ ते ३.४६ या मर्यादेत हवी. निळ्या तारेवर उणे १२ असते, तिला दहा टक्के सूट आहे. करडी तार सप्लाय सुरू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत ५ व्होल्टच्या आसपास येऊन तिथेच राहिली पाहिजे. ती आली नाही तर पंखा फिरत असूनही बोर्ड उठत नाही, आणि दोष उगाच बोर्डावर जातो. व्होल्टेजवर उरणाऱ्या बारीक चढउतारांचे, म्हणजे लहरींचे, मोजमाप साध्या मीटरने होत नाही, कारण त्याची एसी श्रेणी ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनलेली असते आणि इथल्या लहरी हजारो हर्ट्झच्या असतात. ऑसिलोस्कोप नसल्यामुळे बाहेरच्या बाजूचे कपॅसिटर फुगलेले नसले तरी बदलणे हाच मार्ग राहतो. कपॅसिटरचा ईएसआर (त्याचा आतला रोध) दाखवणारे लहान कंपोनंट टेस्टर हल्ली मिळतात. मायक्रोफॅराड बरोबर आणि ईएसआर वाढलेला, असे नग त्यात पकडता येतात.

शेवटचा मुद्दा अर्थिंगचा. एसएमपीएसच्या तोंडाशी फेज आणि न्यूट्रलपासून पेटीच्या पत्र्याला जोडलेले दोन लहान निळे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर विजेच्या निम्म्याएवढा, ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो आणि हाताला मुंग्या येतात. प्रवाह अत्यल्प असला तरी मॉनिटरची किंवा प्रिंटरची तार लावताना-काढताना पोर्ट जाण्यास तो पुरतो. आपल्याकडे तीन पिनांचा सॉकेट असतो, पण तिसरी पिन पुष्कळदा कुठेच गेलेली नसते. जिथे गेलेली असते तिथेही काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते आणि सळईभोवतीची माती सुटते. दुकानामागे कोळसा आणि मीठ घालून खड्डा करावा व मार्चपासून त्यात रोज बादलीभर पाणी टाकावे.

प्रश्नकर्त्याचे पुढील लिखाण
पांढरं सोनं

तिघांचेही आभार. मूर्तिजापूरच्या दादांचे उत्तर वाचले त्याच रात्री तो एसएमपीएस काढला. हिरवी तार मोकळी ठेवून फक्त जांभळी मोजली: ६.८ व्होल्ट. माझ्या चांगल्या एसएमपीएसवर ती ५.०४ आली. छोट्या ट्रान्सफॉर्मरशेजारी, एका करपलेल्या रेझिस्टरला चिकटून, १० मायक्रोफॅराडचा कंडेन्सर होता. बाहेरून खरोखरच नवा दिसत होता, फक्त त्याच्या वेष्टनाची एक बाजू आक्रसून खालचे ॲल्युमिनियम नखाएवढे उघडे पडले होते. काढून मीटरवर धरला तर २ मायक्रोफॅराडही भरला नाही. नवा टाकल्यावर जांभळी ५.०८ वर आली आणि शेगडीच्या कॉइलच्या तुकड्यावर ४.९६ वर स्थिर राहिली.

दर्यापूरकरांच्या सूचनेप्रमाणे बाकीचे तोलून आणि उघडून पाहिले. पाच नग आत कॉइलच्या जागी तारा निघाल्याने बाजूला काढले. एकात फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती, तोही गेला. दोन नगांचे नुसते बाहेरचे कपॅसिटर आणि स्टँडबायचे लहान कंडेन्सर बदलले, दोन्ही हेडलाइटचे दोन बल्ब आणि दोन रेझिस्टर यांच्यावर तासभर चालले. त्यांतल्याच एका नगाची करडी तार आधी येत नव्हती. ती कनेक्टरच्या आत तुटलेली निघाली.

उरलेल्या दोघांपैकी प्रत्येकात मोठ्या हीटसिंकवरचे १३००७ नंबरचे दोन ट्रान्झिस्टर शॉर्ट आहेत. एकात नवे टाकले, सिरीज बल्बवर बल्ब चमकून विझला, सप्लाय सुरूही झाला. आनंदाने थेट विजेवर घेतला आणि लोड देताच दोन्ही ट्रान्झिस्टर पुन्हा फुटले, फ्यूजसकट. दुसऱ्यात अजून हात घातलेला नाही. येथे काय चुकते आहे?

रब्बीचे ओलीत सुरू असल्याने रात्री आमच्याकडे वीज १७० व्होल्टपर्यंत उतरते आणि मोटारी बंद झाल्या की एकदम चढते. त्याचा याच्याशी संबंध आहे का, हेही कृपया सांगावे.

उत्तर ४
जुना टीव्ही मेकॅनिक (मूर्तिजापूर)

संबंध आहे, पण तो निम्मा. १७० व्होल्टवर सप्लायला तेवढीच ताकद काढायला जास्त प्रवाह ओढावा लागतो, ट्रान्झिस्टर जास्त तापतात, आणि आधीच दुबळे झालेले असतील तर तिथे जातात. डीपीवर न्यूट्रल सुटल्यास मात्र गोष्ट वेगळी. तेव्हा एकाच घरात ३५०-४०० व्होल्ट येऊ शकतात. फ्यूजजवळची निळी किंवा हिरवी गोल चकती, एमओव्ही (जादा दाब स्वतःवर घेणारा भाग), फुटून काळी झालेली दिसली की ते ओळखावे. पोत्यातले बरेच नग त्यानेच गेले असावेत.

आपले नवे ट्रान्झिस्टर मात्र दुसऱ्या कारणाने फुटले. त्या दोन ट्रान्झिस्टरांच्या पायाशी, मोठ्या आणि मधल्या ट्रान्सफॉर्मरच्या मधे, एकेक चिमुकला कंडेन्सर असतो, १ किंवा २.२ मायक्रोफॅराड, ५० व्होल्टचा. ट्रान्झिस्टर पटकन चालू आणि पटकन बंद करायचे काम त्याचे. तो वाळला की ट्रान्झिस्टर अर्धवट चालू राहतो. बिनलोडचा निभतो, लोड दिला की तापतो आणि फुटतो, आणि एक फुटला की जोडीदाराला घेऊन जातो. दोन्ही नगांत ते दोन्ही कंडेन्सर बदला. ट्रान्झिस्टरच्या बेसला लागून असलेले लहान रेझिस्टर आणि डायोडही एकेक पाय उचलून मोजा, कारण फुटताना ट्रान्झिस्टर त्यांनाही सोडत नाही. ट्रान्झिस्टर दोन्ही एकाच दुकानातून, एकाच छापाचे घ्या. १३००७ म्हणून घासून पुन्हा छापलेला माल फार येतो. खऱ्याच्या मानाने तो हातात हलका लागतो.

त्यानंतर मोठ्या दोन कंडेन्सरांवर वेगवेगळे व्होल्टेज मोजा. दोन्हींवर साधारण १६० यायला हवेत. एकावर १८० आणि दुसऱ्यावर १४० असेल, तर एक कंडेन्सर वाळला आहे किंवा त्याच्यावरचा रेझिस्टर उघडा आहे, आणि ते दुरुस्त केल्याशिवाय लोड देऊ नका.

तपासणीसाठी निघालेल्या नगांना गिऱ्हाइकाचा बोर्ड पहिल्यांदा लावू नका. आपला तो साउथब्रिज जळालेला बोर्ड या कामी येणार नाही; दहा-बारा वर्षांपूर्वीचा, चालू, पण कोणी विकत घेणार नाही असा एखादा बोर्ड बळीचा बकरा म्हणून ठेवा, आणि प्रत्येक दुरुस्त एसएमपीएस आधी त्याच्यावर पोस्ट कार्ड लावून दिवसभर चालवा. आलेल्या बोर्डाचेही आधी मीटरने पाहा: चार पिनांच्या कनेक्टरवर पिवळी-काळी थेट शॉर्ट दाखवत असेल तर प्रोसेसरजवळचा मॉसफेट (एक प्रकारचा ट्रान्झिस्टर) गेलेला असतो, आणि त्याला वीज देऊन काहीच कळणार नाही.

आपण तासभर चालवलेले दोन नग रात्री चालवले असावेत असे लिहिण्यावरून वाटते. मे महिन्यात दुपारी तीनला, टिनाखाली ४५ अंश असताना, पंख्यावर हात न ठेवता, तेच बल्ब आणि तेच रेझिस्टर लावून पुन्हा एकदा तासभर ठेवा आणि जांभळी मोजा. तो आकडा काय येतो ते इथे कळवा.